चिरमुरे गल्लीचा खोकला

निलव्वानं चुन्याच्या डबीत बोट बुडवलं आणि सुनेच्या ताटाच्या काठावर पांढरा ठिपका उमटवला. मग वाटीवर एक, तांब्यावर एक. फुलपात्रावर मात्र तिनं दोन ठिपके दिले.

"याला दोन का?" मी विचारलं. मी नुकतीच शाळेतून आले होते आणि पायरीवर चपला काढत होते.

"ते तुमच्या फुलपात्रासारखंच दिसतंय, मास्तरीणबाई. घोटाळा नगं."

"आजी, भांड्यांतून नाही पसरत हा आजार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"डाक्टर काय, सांगतोय. त्याच्या घरात हाय का?"

तिची सून महानंदा मोरीपाशी भांडी घासत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पण मला दिसेल अशा बेतानं ती हळूच हसली, कारण चुन्याचे ते ठिपके ती रोज घासून काढी आणि निलव्वा रोज नव्यानं लावी. सासूला त्या घरात 'आत्ती' म्हणत. महानंदा म्हणाली, "आत्ती, चुन्याची डबी संपली की सांगा. बाजारातनं आणायला लावते."

"कशाला लावतीस? बाजाराच्या दिवशी तुझा भाऊ येतोय न्यायला. मग चुन्याचं काम उरत न्हाई."

महानंदाचं हसू तिथंच विरलं.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या त्या गावात माझी बदली झाली होती आणि चिरमुरे गल्लीत निलव्वाच्या घरातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. गल्लीत एका घराआड एक भट्टी. मोठ्या कढईत वाळू तापवायची, त्यात मिठाच्या पाण्यानं ओलवलेले तांदूळ टाकायचे, झाऱ्यानं दोनदा हलवायचे, की डोळ्याची पापणी लवेपर्यंत तांदळाचे चिरमुरे होत. मग चाळणीनं वाळू काढायची, सुपानं कोंडा पाखडायचा आणि मापानं पोती भरायची. दिवसभर धूर आणि कोंडा. 'इथं जो खोकत नाही तो पाहुणा समजावा,' असं गल्लीतली माणसं थट्टेनं म्हणत.

त्यातही निलव्वाचा खोकला म्हणजे गल्लीचा मान होता. पहाटे ती परसात यायची आणि तिथून असा काही खोकला काढायची की पलीकडच्या घरातले लोक अंथरुणातून उठून भट्टी पेटवायला जायचे. गिरणीचा भोंगा झाला का विचारावं, तसं लोक एकमेकांना विचारत, "निलव्वा खोकली का?" दूधवाला म्हणायचा, घड्याळ बंद पडेल, पण म्हातारी चुकायची नाही.

महानंदाचा खोकला वेगळा होता. दिवाळीनंतर तो सुरू झाला आणि थांबेना. संध्याकाळी अंगात कणकण यायची, अन्नावरची वासना गेली होती. मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिचा बेडका तपासला आणि क्षय निघाला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सहा महिने एकही दिवस न चुकवता औषध घे. पूर्ण बरी होशील. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला पाठव."

तिचा नवरा चन्नाप्पा तपासून आला. त्यांची मुलगी सुवर्णा तपासून आली. दोघंही ठणठणीत होते. निलव्वा गेली नाही.

"मला काय झालंय? माझा खोकला भट्टीचा. तुमच्या डाक्टरच्या जन्माआधीचा."

आणि त्याच रात्रीच्या जेवणाला तिनं निकाल दिला. महानंदानं माहेरी जावं, बरी झाली की यावं. चन्नाप्पा कढईपुढं उभा राहून वाळूशी बोलणारा माणूस. आईपुढं त्याला शब्द फुटत नसे. तो ताटाकडं बघत राहिला.

'बरी झाली की यावं' याचा अर्थ गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. कोपऱ्यावरच्या घरातली सून अशीच बरी होईपर्यंत म्हणून गेली होती. तिच्या घरात आता दुसरी नांदत होती.

*

सुवर्णा माझ्याच वर्गात तिसरीत होती. दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडून वळले तर ती बाकावर एकटी. बाकीच्या मुली शेजारच्या बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या, एकीचं अर्धं अंग बाहेर लोंबकळत होतं.

"काय गं, त्या बाकाला खिळे आहेत का?"

"न्हाई बाई. तिच्या आईला खोकला झालाय. तिच्या पाटीला हात लावला की आपल्याला होतो."

"कुणी सांगितलं?"

"तिच्याच आज्जीनं."

मुलांना कोरडं सांगून काही उमगत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. शाळा सुटल्यावर मी अख्खा वर्ग घेऊन निलव्वाच्या घरी आले आणि सगळ्यांना माप-खोलीत बसवलं. पोती भरायची ती खोली. तिला एकच खिडकी, आणि ती खिळे ठोकून कायम बंद. चिरमुरा इतका हलका की वाऱ्याची एक झुळूक आली तर ढीगच्या ढीग उठून अंगणात जाईल. छपराच्या कौलांत एक काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून उन्हाचा तिरपा पट्टा खाली यायचा, तेवढाच उजेड.

निलव्वा सूप मांडीवर घेऊन बसली होती. "ही पलटण कशाला आणली?"

"धडा घ्यायचाय, आजी. जरा तुमचे चिरमुरे लागतील."

"खायला की शिकायला?"

"दोन्हीला," मागून एक जण म्हणाला.

मी मूठभर चिरमुरे वर उडवले. ते खाली पडले आणि मुलांनी ते टिपून तोंडात टाकले. "आता ऐका," मी म्हणाले. "माणूस खोकला की तोंडातून बारीक-बारीक थेंब उडतात. मोठे थेंब या चिरमुऱ्यांसारखे खाली पडतात. पण काही थेंब इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. क्षयाचे जंतू त्या बारीक थेंबांतून हवेत जातात. ते असे…" आणि मी कोंड्याची मूठ भरून पट्ट्यात टाकली. कोंड्याचा गोळाच खाली पडला. मुलं हसली.

"अवं, असं न्हवं," निलव्वा म्हणाली. तिला ते बघवेना. "मुठीनं कोंडा टाकतात व्हय? सरका तिकडं."

तिनं सूप धरलं, मनगट हलवलं, आणि सुपातून एक झुळझुळीत ढग वर उठला. उन्हाच्या पट्ट्यात तो सोन्यासारखा चमकायला लागला. मुलांनी तोंडं उघडली.

"बगा. जड कोंडा खाली बसला. ह्यो जो बारीक हाय, त्यो आता दिवस मावळला तरी खाली यायचा न्हाई. हितंच फिरत ऱ्हाणार. म्हणून मी पाखडलं की पाण्याची घागर झाकून ठेवते."

"आज्जी, आपण हितं बसलो तर तो नाकात जाईल?" सुवर्णानं विचारलं.

"जाईल की. श्वास घेतलास की गेलाच."

"आणि ताटाला चिकटला तर?"

"ताटाला चिकटलेला कोंडा नाकात कसा जाईल, खुळे? उडतोय त्योच जातोय."

धडा माझ्या हातातून गेला होता, आणि तो माझ्यापेक्षा बरा चालला होता.

"खिडकी उघडली तर?" मागच्या पोरानं विचारलं.

"खिडकी उघडली तर भुर्रर्र. घटकाभरात खोली निर्मळ. पर माझं चिरमुरं बी जातील नव्हं का?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

नेहमीचाच तो खोकला. आधी एक लांब घरघर, मग धबाधबा ठोके. तिनं तोंडापुढं काही धरलं नाही. कधीच धरत नसे. उन्हाच्या पट्ट्यातला तो संथ तरंगणारा कोंडा एकदम सैरावैरा झाला. तो फिरत, उसळत सगळ्या पट्ट्यातून आरपार गेला आणि पुढं बसलेल्या मुलांच्या कपाळांवर, भुवयांवर जाऊन बसला. सुवर्णानं डोळे मिटून घेतले.

खोकला थांबला. निलव्वा पट्ट्याकडं बघत होती. मग तिनं मुलांच्या तोंडांकडं बघितलं, आणि शेवटी दाराकडं. दारात महानंदा चाळणी घेऊन उभी होती. पावसाळाभर त्या दोघींनी त्याच बंद खोलीत समोरासमोर बसून पोती भरली होती.

"जावा रे घरला," निलव्वा म्हणाली. "आयांनी वाट बघितली असंल."

*

संध्याकाळी मी कंदिलाची काच पुसत होते. वीज त्या गावात पाहुणीसारखी यायची. निलव्वा उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"मास्तरीणबाई, त्या थुंकायच्या बाटल्या अजून हाईत का त्या शेडबाळ्याकडं?"

शेडबाळे म्हणजे आरोग्य खात्याचा माणूस. महानंदाच्या गोळ्या घेऊन सायकलवरून यायचा, गोळी समोर गिळायला लावायचा आणि जीभ बाहेर काढून दाखव म्हणायचा.

"असतील की. का हो?"

"काय न्हाई. उगं इचारलं. माझा भट्टीचाच हाय. पर एकदा तोंड बंद व्हईल लोकांचं."

"आजी, एक विचारू? तुमच्या पाटल्या मनगटात राहायच्या. आता त्या कोपरापर्यंत कशा सरकतात?"

तिनं हात वर केला. पाटली घरंगळत कोपरापाशी गेली. तिनं ती खाली आणली, हात पुन्हा वर केला. पाटली पुन्हा गेली.

"म्हातारपन," ती म्हणाली. पण मी शेडबाळ्यांकडून बाटली आणून दिली, ती तिनं घेतली.

त्या बाटलीचं तिनं जे केलं ते गल्लीत पुढं कितीतरी दिवस सांगितलं जात होतं. सकाळी उठून तिनं अंघोळ केली. कपाळाला विभूती लावली. खळखळून चुळा भरल्या, दात घासले, पुन्हा चुळा भरल्या. मग घरात कुणी नाही असं बघून, पदराआड, बाटलीत अगदी अलगद थुंकी टाकली. झाकण लावलं आणि बाटली वरून पुसून चन्नाप्पाच्या हाती दिली. दवाखान्यातून निरोप आला, जंतू सापडले नाहीत.

तिनं गल्लीत गूळ वाटला.

"बगा, म्हटलं नव्हतं? आता एकच काम ऱ्हायलं. बाजाराला रावसाब येतोय."

रावसाब म्हणजे महानंदाचा भाऊ. महानंदा हातावरचा गूळ तसाच धरून उभी होती. मी शेडबाळ्यांना निरोप धाडला. ते आले आणि अंगणातच सायकल लावून म्हणाले, "आजी, तुमची बाटली मी बघितली. तीर्थ होतं नुसतं."

"मग? घाण पायजे व्हती?"

"व्हय. घाणच पाहिजे. तोंडातली थुंकी आम्हाला उपयोगाची नाही. छातीच्या तळातनं खोकून काढलेला बेडका पाहिजे. जंतू तिथं असतात. पहाटे उठल्या-उठल्या, चहाच्या आधी."

"परक्या मानसाच्या हातात तसलं द्यायचं? बाटलीवर माझं नाव लिवलंय. आमच्या घराचं नाव लिवलंय."

"आजी," मी म्हणाले, "पोरानं पाटी कोरी ठेवली तर मी त्यात चूक कुठून काढू? आणि चूक नाही म्हणून त्याला पास कसं करू?"

तिला हसू आलं. ते लपवायला ती पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, "आन बाटली."

*

दुसऱ्या पहाटे ती परसात आली, तेव्हा सगळी गल्ली जागी होती. बातमी कुणी फोडली ते कळलं नाही. कुणी दात घासत कुंपणाला टेकलं होतं, कुणी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन थबकलं होतं.

"काय तमाशा हाय का?" निलव्वा म्हणाली.

"न्हाई आज्जी, आमचं घड्याळ बाटलीत बसतंय का बघाय आलोय."

"तुझं तोंड बसवू का बाटलीत?"

शेडबाळ्यांनी सांगितलं तसं मी तिला मोकळ्यावर उभं केलं आणि आम्ही सगळे वाऱ्याच्या वरच्या बाजूला झालो. "खोल श्वास घ्या. अजून एकदा. आता पोटातनं."

तिनं श्वास घेतला आणि खोकली. तो खोकला अख्ख्या गल्लीनं वर्षानुवर्षं ऐकला होता, पण त्या पहाटे पहिल्यांदाच कान देऊन ऐकला. खोकला संपल्यावर ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता म्हणू नका पाटी कोरी हाय."

त्या दिवशी आणखी एक बाटली दवाखान्यात गेली. दोन वेळा तपासायची रीत होती.

बाजाराच्या दिवशी रावसाब सकाळच्या एसटीनं आला. उंच, धिप्पाड, खांद्यावर पांढरा पंचा. तो सोप्यात बसला आणि चहाची वाट बघत राहिला. महानंदाचं गाठोडं भिंतीशी तयार होतं. सुवर्णा त्या गाठोड्यावर बसली होती, ते कुणी उचलू नये म्हणून.

तेवढ्यात शेडबाळ्यांची सायकल अंगणात आली. त्यांनी निलव्वाला बाहेर बोलावलं. मी अंगणातच होते.

"आजी, दोन्ही बाटल्यांत सापडले. क्षयच आहे. भट्टीचा खोकला होता तुम्हाला, खोटं नाही. पण त्याच्याच मागं हा दुसरा कधी येऊन बसला ते कळलं नाही. सहा महिने गोळ्या. बऱ्या व्हाल."

निलव्वानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आत सोप्यात कपबशीचा आवाज झाला. आम्हा तिघांशिवाय हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं, तर घटकाभरात गाठोडं एसटीत चढलं असतं.

तिनं पदर तोंडावर घेतला. दातांत घट्ट धरला. आणि ती सोप्याच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, आत गेली नाही.

"रावसाब, चहा घे. पर आधी एक ऐक. तुझ्या बहिणीनं आजार आणला न्हाई. तिला ह्या घरात मिळाला. माझ्याकडनं मिळाला."

"आजी," शेडबाळे मागून म्हणाले, "कुणाकडनं कुणाला, ते असं छातीठोक सांगता येत नसतं."

"तू गप रे. कोंडा कुठल्या सुपातनं उडाला ते मला कळतंय."

रावसाबनं बशी खाली ठेवली. त्याचा चेहरा लाल झाला होता. "म्हंजे आजार तुम्ही द्यायचा, ताटावर चुना हिच्या लावायचा, आणि वर बाहेर बी हिलाच काढायचं? चल गं महानंदा. आता तर मीच ठेवत न्हाई तुला हितं. ऊठ सुवर्णे, गाठोडं दे."

सुवर्णा गाठोड्याला आणखीनच घट्ट बिलगली. चन्नाप्पा भट्टीकडून झाऱ्यासकट येऊन दारात उभा होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं. "मी…" एवढंच म्हणाला आणि थांबला. पण त्या घरात त्यानं मधे तोंड उघडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"रावसाबचं बरोबर हाय," निलव्वा पदराआडून म्हणाली. "नियम मी काढलाय. आजारी मानसानं घर सोडायचं. मला न्यायला भाऊ न्हाई उरला. मी मठात जाते. चन्ना, माझी पेटी काढ."

मग महानंदा उठली. अंगात अजून ताकद नव्हती, तिनं भिंतीला हात लावला.

"बसा सगळी," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "दादा, तू चहा पी, गार व्हतोय. मला पाठवली म्हणून मी कुठं जाणार न्हाई. तू रागावलास म्हणून बी जाणार न्हाई. पंचमीला बोलाव. मी येईन, झोपाळ्यावर बसून येईन. त्याआधी न्हाई."

"आणि ह्या घरात काय करणार? खोकत बसणार दोघी?"

"शेडबाळे, गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याला लागण किती दिवस व्हतीय?"

"काही आठवडे जपायचं. औषध न चुकता घेतलं की पुढं सहसा होत नाही. तोवर तोंडावर कापड, घरात मोकळी हवा."

"ऐकलंस? मग ती माप-खोलीची खिडकी आधी उघडा. पोती पहाटे भरू, वारं नसतंय त्यावेळी." ती सासूकडं वळली. "आणि आत्ती, तुमी पेटीला हात लावायचा न्हाई. मठात तुमाला खिचडी आळणी मिळंल, दोन दिवसांत भांडून परत याल. रिकामा खर्च. कापड नीट बांधा आणि बाहेर उन्हात बसा."

निलव्वा सुनेकडं बघत राहिली. या घरात तिला बस म्हणणारं माणूस तिनं फार वर्षांनी बघितलं असावं. ती वळली, अंगणात गेली, आणि उन्हात बसली.

खिडकीचे खिळे गंजले होते. चन्नाप्पाच्यानं निघेनात. शेवटी न्यायला आलेल्या रावसाबनंच पंचा कमरेला बांधला आणि ते उपटले. वाऱ्याचा पहिला झोत आत गेला आणि एक अख्खं माप चिरमुरे अंगणभर झाले. पोरं धावली, गल्लीतल्या कोंबड्या धावल्या.

*

त्यानंतर शेडबाळ्यांना एकाच अंगणात दोन जिभा बघायच्या असायच्या. सासू-सून शेजारी-शेजारी बसून गोळ्या गिळत, आणि आपली आधी गिळली गेली म्हणून निलव्वा सुनेकडं जिंकल्यासारखी बघे. चुन्याची डबी तिनं पानाला वापरून संपवली. उन्हाळा लागेपर्यंत तिच्या खोकल्याचा जोर ओसरला, आणि एका पहाटे तो आलाच नाही. सगळ्या गल्लीच्या भट्ट्या उशिरा पेटल्या. दूधवाला दारोदार शिव्या खात फिरला. निलव्वा म्हणाली, "घड्याळं घ्या की, मेल्यांनो. माझ्या छातीवर किती दिवस जगणार?" त्यानंतर ज्याला पंधरा दिवसांवर खोकला टिकेल, त्याला ती स्वतः हाताला धरून दवाखान्यात नेई. बाटली कशी भरायची ते सांगायला तिला शेडबाळे लागत नसत.

श्रावण लागला तेव्हा दोघींच्या शेवटच्या गोळ्या झाल्या होत्या आणि पुन्हा केलेल्या तपासण्या स्वच्छ आल्या होत्या. पंचमीच्या आदल्या दिवशी रावसाब आला. यावेळी त्यानं बहिणीसाठी हिरवी साडी आणली होती आणि निलव्वासाठी खोबऱ्याची बर्फी. महानंदा अंगानं भरली होती. सुवर्णाला तर दुपारपासूनच झोपाळा दिसत होता.

मी सगळ्यांबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. एसटी यायला वेळ होता. निलव्वा उगीचच रावसाबच्या पिशवीची गाठ तपासत होती, सोडून पुन्हा बांधत होती.

"रावसाब."

"काय वं मावशी?"

"चार दिवस ठेव. न्हाई म्हणत न्हाई, तुझी बहीण हाय. झोपाळा खेळू दे, पुरणपोळी खाऊ दे."

"बरं."

"पर पाचव्या दिवशी तू आणून सोड. सोडलं न्हाईस तर मी येईन तिथं." तिनं गाठ आवळली आणि पिशवी त्याच्या हातात दिली. महानंदा जरा पुढं उभी होती, सुवर्णाची वेणी सारखी करत. तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हातारी म्हणाली, "तिच्याबिगर माझं एक माप बी भरत न्हाई."